किल्ली घरी राहिली

उड्डाणपुलाच्या ऐन चढावर त्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबला, पाय तळाला टेकला, आणि पिकअपने ऐकलंच नाही. सरळ बंद पडली असती तर एक वेळ परवडलं असतं. बंद पडण्याला निदान एक इभ्रत असते. माणूस खाली उतरतो, बॉनेट उघडतो, चार लोक थांबून चार सल्ले देतात. ही बंद पडत नव्हती. इंजिन चालू होतं, रेडिओ चालू होता, वायपर लावला असता तर तोही इमानदारीत हलला असता. फक्त जोर गेला होता. एखाद्याला काम सांगावं आणि त्याने 'हो हो, करतो ना' म्हणत जागचं हलू नये, तसं. वेग उतरत उतरत चालण्याच्या वेगाला आला. मागचा बसवाला हॉर्न वाजवायला लागला. डावीकडून एक सायकलवाला दमाने पॅडल मारत त्यांच्या पुढे निघून गेला आणि जाता जाता त्याने काचेतून आत पाहिलं, दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या पेशंटकडे बघतात तसं.

"गिअर उतरवा, दाजी," शेजारी बसलेला मेव्हणा म्हणाला.

"उतरवलाय."

"अजून उतरवा."

"अजून उतरवला तर मागे जाईल."

मेव्हणा हसला नाही. एरवी हसला असता. एरवी म्हणजे कधी, असा प्रश्न त्याच्या मनात आला आणि त्याने तो आरशाकडे ढकलून दिला, कारण मागून बस येत होती आणि आरशात बघायला रास्त कारण होतं. या सीटवर मेव्हणा बसून वर्ष होऊन गेलं असेल. त्याआधी कित्येक वर्षं ती सीट त्याचीच होती. तिच्यातला फोम त्याच्या अंगाच्या मापाने दबला होता, आणि मधल्या काळात दुसरं कुणी बसलं की ते माणूस सारखं चुळबुळत राहायचं, दुसऱ्याची चप्पल घातल्यासारखं. आज तो बसला आणि सीट जागच्या जागी बसली. हे त्याला स्टेअरिंग धरल्याधरल्या जाणवलं होतं आणि आवडलं नव्हतं. आज हौद्यात सामान होतं ते मेव्हण्याचंच: एक लोखंडी खाट, आरशाचं कपाट, घडीचं टेबल, पंखा, पुठ्ठ्याची खोकी, आणि फरशी पुसायची बादली. मेव्हणा शहर सोडून चालला होता. लांबच्या एका गावात कपडे धुण्याच्या मोठ्या कारखान्यात त्याला काम मिळालं होतं, बायको-मुलगी आधीच पुढे गेली होती, आणि आता हे सामान स्टेशनच्या पार्सल खिडकीवर टाकून तो दुपारच्या गाडीने जाणार होता. परत यायचं ठरलेलं नव्हतं. म्हणजे बोलायचं ते या पुलापासून स्टेशनपर्यंतच्या रस्त्यात बोलायचं होतं, आणि रस्ता फार मोठा नव्हता.

मेव्हण्याला सगळे दोऱ्या म्हणत. खरं नाव होतं, पण ते फक्त सरकारी कामाला आणि त्याच्या आईला रागावताना लागायचं. लोकांचं घरसामान हलवणं हा या पिकअपचा धंदा, आणि सामान बांधणं हा दोऱ्याचा. तो हौद्यात उभा राहायचा, दोराचं एक टोक दातात धरायचा, आणि कपाटाशी बोलायला लागायचा: "सरक राजा, जरा अंग चोर, आता तुझी मावशी येतेय." मावशी म्हणजे फ्रिज. त्याने बांधलेलं सामान गाडी उलटली तरी उभं राहील अशी गाठ, आणि पोचल्यावर एका टोकाला हिसका दिला की अख्खा दोर सुटून पायाशी. तो गेल्यापासून बांधायचं काम याच्याकडे, म्हणजे दाजीकडे, आलं होतं. याच्या गाठी दोनच प्रकारच्या असत: सुटणाऱ्या आणि न सुटणाऱ्या, आणि कुठली केव्हा निघेल ते गाठीच ठरवत. मागे एकदा एका बाईंची गादी त्याला दोरासकट द्यावी लागली होती. बाई म्हणाल्या, यावर झोपायचं कसं? तो म्हणाला, एका कुशीवर.

सकाळी बायकोने डबा हातात देताना तो सोडला नव्हता. दोघंही डबा धरून उंबऱ्यात उभे. "आज तरी बोला त्याच्याशी," ती म्हणाली. "बोलतोच की." "माल चढव, दोर ओढ, याला बोलणं नाही म्हणत." त्याने डबा स्वतःकडे ओढला. "काय झालं होतं तुमच्यात? त्याला विचारलं तर म्हणतो पाठ दुखते. तुम्हाला विचारलं तर म्हणता, त्याची पाठ दुखते. वर्षभर एका माणसाची पाठ दोन घरांत दुखतेय." मग तिने डबा सोडला. धाकट्या भावाला तिने कडेवर घेऊन वाढवलेलं. तो जाणार म्हणून ती आदल्या दिवशी रडून मोकळी झाली होती आणि आता तिच्या चेहऱ्यावर फक्त एक हिशेबी शांतपणा होता, परीक्षेच्या आधी आई मुलाकडे बघते तसा. तिला तिथल्या तिथे सगळं सांगून टाकावं असं त्याला क्षणभर वाटलं. पण सांगायचं म्हणजे पहिलं वाक्य लागतं, आणि पहिलं वाक्य असं होतं: मला वाटलं, तुझा भाऊ चोर आहे.

वाटणं असं एकदम येत नाही. ते पाहुण्यासारखं येतं, आजच्या दिवस थांबतो म्हणतं, आणि मग त्याचा टॉवेल आपल्या दोरीवर दिसायला लागतो. सुरुवात सुईपासून झाली. डिझेलची सुई रोज सकाळी, आदल्या संध्याकाळी काम संपलं तेव्हापेक्षा थोडी खाली दिसायची. गाडी रात्री मोकळ्या मैदानात उभी, किल्ल्या दोघांकडे. आधी त्याला वाटलं, सुई म्हातारी झाली. मग वाटलं, डोळे. मग एक दिवस दोऱ्याच्या पिशवीत त्याला प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा दिसला. नळी धुण्याच्या मशिनची होती, दोऱ्याने ती दुरुस्तीच्या दुकानातून बदलून आणली होती आणि तसं सांगितलंही होतं, कुणी न विचारता. कुणी न विचारता का सांगितलं? इथून पाहुणा घरचाच झाला. खरं तर दोऱ्याला डिझेलचा वास सहन व्हायचा नाही. पंपावर गाडी लागली की तो उतरून पार रस्त्याच्या कडेला जाऊन नाकाला रुमाल लावून उभा राहायचा. एकदा हातावर थेंब उडाला तर दिवसभर जेवला नव्हता. असा माणूस नळी तोंडात धरून टाकीतलं डिझेल ओढेल कसा? यावर त्याने बराच विचार केला, आणि त्याच्या लक्षात आलं की हुशार चोर नेमका असंच करेल. कित्येक वर्षं आधीपासून नाकाला रुमाल लावून ठेवेल.

मग त्याने कुलपाचं झाकण आणलं. हार्डवेअरच्या दुकानात टाक्यांची झाकणं काचेच्या कपाटात दागिन्यांसारखी मांडली होती. या गाडीच्या मापाचं नव्हतं. दुकानदार म्हणाला, जवळपासचं आहे, थोडं हलेल, पण उघडणार नाही. सकाळी दोऱ्या आला, नेहमीप्रमाणे हौद्यात चढायला टाकीशेजारच्या पायरीवर पाय ठेवला आणि थांबला.

"टाकीला कुलूप?"

"चोऱ्या फार वाढल्यात हल्ली."

"कुठे?"

"सगळीकडेच."

"मग हॉर्नलाही लावा दाजी, उगाच कुणी वाजवून जाईल." दोऱ्या हसला. एकटाच हसला, आणि हसणं अर्ध्यात सोडून दिलं. मग दोर गुंडाळता गुंडाळता, वर न बघता त्याने विचारलं, "एक किल्ली माझ्याकडे ठेवू? तुम्ही नसताना भरायचं झालं तर."

"एकच आलीय," तो म्हणाला.

दोन आल्या होत्या. प्रत्येक कुलपाबरोबर दोन येतात, हे घर हलवणाऱ्या माणसाला न कळायला दोऱ्या काही दूधखुळा नव्हता. दोऱ्याने दोराचं टोक दातात धरलं आणि त्या दिवशी कपाटाशी एक अक्षर बोलला नाही. पुढच्या आठवड्यात त्याची पाठ दुखायला लागली, आणि पाठीने त्याला पुन्हा कामावर येऊ दिलं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला नंतर बऱ्याचदा वाटायचं. भांडणात माणूस काहीतरी बोलतो आणि समोरचा ते खोडून काढतो. इथे कुणी काही बोललंच नव्हतं, त्यामुळे खोडायलाही काही नव्हतं. नुसतं एक झाकण होतं.

आता पिकअप पुलाच्या माथ्यावर, कठड्याला चिकटून उभी होती. शेवटचे काही हात तिला बसवाल्याच्या शिव्यांनी वर आणलं असावं. त्याने इंडिकेटर लावले. इंजिन बंद केलं, चालू केलं. चालू झालं, थोडं खोकलं, पुन्हा तेच. खाली रेल्वेचे रूळ उन्हात चमकत होते आणि त्यांच्या टोकाला, धुरकट, स्टेशनचं छप्पर दिसत होतं. इथून दगड मारला तर पोचेल इतकं जवळ आणि बादली घेऊन चालत जायला फार लांब.

"हे केव्हापासून?" दोऱ्याने विचारलं.

"तीन-चार महिने."

"दाखवलं नाही?"

दाखवलं होतं. एका मेकॅनिकने फिल्टर बदलला. दुसऱ्याने नोझल काढून साफ केले आणि ते इतके स्वच्छ दिसायला लागले की परत बसवायला त्याच्या जिवावर आलं. तिसऱ्याने गाडी चालवून बघितली, तेव्हा ती लग्नात नाचणाऱ्या मामासारखी धावली. त्याने उतरून याच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, झोप लागते का बरोबर? गाडीची तऱ्हाच तशी होती. डिझेल भरलं की धावायची. मग काही वेळाने दम लागायचा. उभी करून ठेवली की पुन्हा थोडी चालायची. याने त्यातून काढलेला निष्कर्ष असा होता की त्या पंपावरचं डिझेल ताजं असतानाच चांगलं असतं.

दोऱ्याने दार उघडलं, उतरला, बॉनेटकडे गेला नाही. टाकीच्या बाजूला गेला. तोही उतरला, उतरावंच लागलं. दोऱ्या टाकीपुढे गुडघे वाकवून बसला होता, नाकाशी रुमाल, आणि बोटाने पत्र्यावर हलकेच वाजवून बघत होता. "आमच्या जुन्या स्कूटरला असंच व्हायचं," तो म्हणाला. "झाकणाचं भोक बुजलं होतं. आत हवा जायला नको का? तेल बाहेर जातं, हवा आत जात नाही, मग टाकीच तेल धरून बसते. झाकण उघडून बघू या, दाजी. किल्ली द्या."

किल्ली त्याच्या शर्टाच्या खिशात होती. एवढीशी, पितळी. खिसा उन्हाने तापला होता आणि किल्ली बरगडीला लागत होती, म्हणजे ती तिथे आहे यात शंका नव्हती. झाकण उघडायला काहीच हरकत नव्हती. हरकत फक्त ही होती की दोऱ्याच्या हातावर ती किल्ली ठेवायची, त्या हातावर, ज्याने ती एकदा मागितली होती. आणि उघडलं की आतलं सगळं दिसणार होतं. आत काय होतं? डिझेल होतं. पण त्याला अंग चोरून बसलेलं काहीतरी दिसत होतं.

"किल्ली घरी राहिली," तो म्हणाला.

दोऱ्याने वर पाहिलं. किंचित पाहिलं. "एकच होती ना," तो म्हणाला. टोमणा असता तर त्याला उत्तर देता आलं असतं. पण दोऱ्या ते आठवून, मदतीला म्हणून बोलल्यासारखा बोलला. मग त्याने मान तिरकी केली, झाकणाच्या कडेला नख लावून बघितलं. "दाजी."

"काय?"

"हे कुकरचं रबर आहे का?"

पुलावरून एक मोठा ट्रक गेला, आणि तो जाईपर्यंत दोघांनाही बोलता आलं नाही. तो ट्रक आणखी लांबलचक असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"पाणी जाऊ नये म्हणून," तो म्हणाला.

"हां," दोऱ्या म्हणाला. "पाणी जातं."

पाणी जात नव्हतं. रबर वेगळ्याच कारणासाठी होतं, आणि ते कारण त्याने स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. दोऱ्या यायचा बंद झाला, कुलूप लागलं, किल्ली खिशात, आणि सुई रोज खाली येतच राहिली. पूर्वी येत होती तेवढीच. एका संध्याकाळी काम आटोपून तो मैदानात गाडी लावून बसला होता. तो रोजच बसायचा, थोडा वेळ. एसी लावून, रेडिओ लावून, काचा वर करून. घरी जायचं नसायचं असं नाही. पण घरी गेलं की माणूस कुणाचा तरी कुणीतरी होतो, आणि इथे, या डब्यात, कुणी काही विचारत नव्हतं. एवढं गाणं संपलं की उठू. मग पुढचं चांगलं लागायचं. त्या दिवशी त्याला झोप लागली. जाग आली तेव्हा बाहेर दिवे लागले होते, पायाखाली इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं, आणि सुई खाली आली होती. तो आत बसलेला असताना. त्याने सुईकडे पाहिलं, सुईने त्याच्याकडे. मैदानात दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे चोर गाडीतच बसलेला होता, सीटबेल्ट लावून. हे त्याला स्वच्छ कळलं. कळायला फार तर शिंक यायला लागतो तेवढा वेळ लागला. आणि मग, शिंक आली नाही की माणूस जसा काही झालंच नाही असा पुढे बोलतो, तसं त्याने गाडी बंद केली आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना त्याच्या मनाने त्याला एक नवी कल्पना आणून दिली: डिझेल उडून जात असणार. झाकण हलतं, फट राहते, दिवसभर ऊन, वाफ होऊन जाणारच. शास्त्रच आहे. कुलूप काढणं शक्य नव्हतं, कारण काढायचं तर का काढलं ते सांगावं लागलं असतं. तेव्हा ते आणखी घट्ट करणं हाच मार्ग उरत होता. कुकरची रिंग मध्ये कापून, गुंडाळून, डिंकाने चिकटवून झाकणाखाली अशी बसली की जणू दोघं एकमेकांसाठीच जन्मले होते. घरात आठवडाभर कुकरची रिंग शोधली जात होती. वाटाणे कच्चे राहत होते. बायको म्हणाली, रिंगला काय पाय फुटले? तोही तिच्याबरोबर शोधत होता, ओट्याखाली, कपाटामागे, चांगला बॅटरी घेऊन. आणि संध्याकाळी गाडीत बसणं त्याने बंद केलं नाही. ते बंद केलं असतं आणि सुई थांबली असती, तर मग काय केलं असतं?

थोड्या वेळाने गाडीत थोडा जीव आला. पुलाचा उतार त्यांनी आपल्या वजनाने उतरला, गाडी सिग्नलपर्यंत चालल्यासारखी चालली, दोऱ्या म्हणाला, "वा, आली वाटतं शुद्धीवर," आणि भांड्यांच्या दुकानांच्या रांगेसमोर ती पुन्हा बसली. यावेळी पार बंद. दोऱ्याने मोबाईलवर वेळ पाहिली. आत बसून दोघंही समोर बघत होते. समोर एका दुकानाबाहेर टांगलेल्या कढया वाऱ्यावर एकमेकींना लागत होत्या. आत्ता, त्याला वाटलं. आत्ता खिशात हात घालायचा, किल्ली काढायची, म्हणायचं, अरे, खिशातच होती बघ. एवढं म्हटलं की बाकीचं आपोआप येईल. हात खिशापाशी गेला. त्याने शर्टाचं बटण तपासलं.

"दाजी, गाडी चुकेल," दोऱ्या म्हणाला. "मी दुसरा टेम्पो बघतो."

"थांब, होईल चालू."

"होईल हो. पण गाडी थांबायची नाही." तो उतरला, रस्त्यात उभा राहिला, आणि त्याने हात केल्याबरोबर एक रिकामा छोटा टेम्पो थांबला, त्याच्याचसाठी कुठेतरी ठेवलेला असल्यासारखा. सामान याने सकाळी बांधलं होतं. दोऱ्याने गाठ पाहिली, उलटसुलट करून पाहिली, जुन्या शाळेतली वही सापडावी तशी. "ही कुठली?" "माझी." "तरीच," दोऱ्या म्हणाला, आणि दातांनी ती सोडवली. त्यांनी मिळून खाट उतरवली, कपाट उतरवलं. कपाटाच्या आरशात दोघं क्षणभर शेजारी शेजारी दिसले, घामेजलेले, एकमेकांचे कुणी नसल्यासारखे, आणि आरसा वळून गेला. दोऱ्या कपाटाला काहीतरी पुटपुटला. काय ते ऐकू आलं नाही. शेवटी बादली घेऊन तो टेम्पोत चढला. "तुम्ही गाडी सोडून येऊ नका, दाजी. ताईला सांगा, पोचलो की फोन करतो." टेम्पो निघाला, आणि वळणावर दिसेनासा झाला.

मग त्याने किल्ली काढली. ती काढताना त्याने इकडे तिकडे पाहिलं, स्वतःच्या गाडीचं कुलूप उघडताना. झाकण फिरलं, पण निघेना. काहीतरी आतून धरून ठेवलं होतं. त्याने दोन्ही हातांनी ओढलं, आणि टाकीने श्वास घेतला. दुसरा शब्द नाही त्याला. लांबलचक, आत ओढलेला, बुडता बुडता वर आलेल्या माणसाचा श्वास. आणि मग टाकीचं आत गेलेलं पोट 'टण्ण' करून बाहेर आलं. कढईवाला दुकानातून डोकावला. याआधी पंपावर उघडताना असाच आवाज यायचा, छोटा. तो त्याला गॅस समजायचा. आता तो झाकण हातात धरून, पायाच्या बोटांवर डिझेलचा थेंब पडलेला, तसाच उभा राहिला. इतके महिने ही आतल्या आत घुसमटत होती आणि तो तिला फिल्टर बदलून देत होता.

इंजिन पहिल्या हाकेला चालू झालं. झाकण त्याने लावलंच नाही, तोंडावर नुसतं फडकं कोंबलं. रिकामी पिकअप अशी उडाली की दुसऱ्या गिअरमध्येच त्याची पाठ सीटला चिकटली. सिग्नल हिरवे मिळत गेले, रस्ता त्याच्यासाठी दोन्ही बाजूंना सरत गेला, आणि एवढ्या सोईने कुठे पोचायची त्याला त्या दिवशी भीती वाटत होती. वाक्य तयार होतं. दोऱ्या, डिझेल मीच जाळत होतो. एवढंच. यात न समजण्यासारखं काही नव्हतं, लहान मुलालाही म्हणता आलं असतं.

पार्सलच्या खिडकीपाशी दोऱ्या खोक्यांवर खडूने नाव लिहीत होता. त्याने पिकअपचा आवाज ओळखला, वर न बघताच म्हणाला, "किल्ली सापडली वाटतं."

"सीटखाली पडली होती."

"पडते."

"झाकणाचंच होतं. तू म्हणालास तेच."

"बरं झालं. आता धावेल." दोऱ्याने खडू खिशात ठेवला, हात झटकले. हमाल खाट घेऊन गेला. कपाट गेलं. दोघांच्या मध्ये आता फक्त बादली होती. "दोऱ्या," तो म्हणाला. "ते त्या वेळी—"

"दाजी, मीच सांगतो," दोऱ्या घाईघाईने म्हणाला. तो त्याच्याकडे बघत नव्हता, बादलीकडे बघत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते. "जाताना मनात नको. तेव्हा डिझेल मी काढायचो. थोडं थोडं. चुकलं माझं."

फलाटावर कुठलीशी गाडी लागत होती, लोक धावत होते. त्याला स्वच्छ दिसलं की दोऱ्या खोटं बोलतोय. इतकं वाईट खोटं बोलणारा माणूस त्याने पाहिला नव्हता. डिझेल हा शब्द उच्चारताना त्याचा हात आपोआप नाकाकडे गेला होता. वर्षभर दुखणारी पाठ तो जाता जाता याच्यासमोर वाकवून उभा होता, म्हणजे याला सरळ उभं राहता यावं. आणि त्याला असंही दिसलं की आता काही बोलायची गरज उरलेली नाही. सुटलो. हा शब्द त्याच्या मनात उमटला तो तोंडावर पाण्याचा हबका यावा तसा, गार, छान. नाही, म्हणायचं होतं त्याला. वेडा आहेस का, म्हणायचं होतं.

"जाऊ दे रे," तो म्हणाला. "मी कुठे मनावर घेतलं."

त्याचा हात उचलला गेला आणि दोऱ्याच्या खांद्यावर जाऊन बसला, मोठ्या माणसाचा बसतो तसा, आणि दोनदा थोपटून आला. त्याने दोऱ्याला माफ केलं होतं. दोऱ्याने मान हलवली, किंचित हसला, बादली उचलली, आणि गर्दीत शिरला. त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी याने हात केला असता की नसता, कोण जाणे.

परतीच्या रस्त्यावर, पुलाच्या पलीकडच्या बाजूच्या चढावर, बायकोचा फोन आला. त्याने तो स्पीकरवर टाकला.

"निघाला का तो?"

"निघाला."

"बोललात?"

"बोललो. मिटलं सगळं."

"खरंच?" तिचा आवाज एकदम मोकळा झाला, लहान झाला. "काय झालं होतं हो? काय म्हणाला तो?"

इथे तो थांबू शकत होता. पण गाडी थांबत नव्हती. पाय ठेवला होता तेवढ्यावर ती चढ अशी चढत होती जणू चढ नव्हताच. "काही नाही," तो म्हणाला. "थोडी चूक झाली होती त्याच्याकडून. कबूल केली त्याने."

"माझ्या भावाकडून?"

"हो. मी म्हटलं, जाऊ दे."

मग ती म्हणाली, "मोठ्या मनाचे आहात तुम्ही," आणि हे कौतुक होतं की आणखी काही, ते त्याला कळेना. तिने फोन ठेवला नव्हता. पिकअप इतकी बिनआवाज चालली होती की पलीकडे तिने खुर्ची ओढलेली त्याला ऐकू आली, ती बसलेली ऐकू आली, आणि मग ती तोंडाला पदर लावून, आवाज होऊ न देता रडत होती, तेही.